तू हायस तवर

दादा,

चिंच अजून उभी आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही आधी तेच विचारलं असतं. बाकीचं सांगायला वेळ लागेल. मी साताऱ्याला माझ्या घरी बसून लिहिते आहे, दुपार आहे, खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत चालला आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा आवाज आठवायचा म्हटलं तर आधी तुमचं खोकणं आठवावं लागतं, मग त्यामागून आवाज येतो. वर्गात मी वर्षानुवर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलं. मायना, मजकूर, शेवट. तुम्हाला मात्र एकही पत्र लिहिलं नाही, कारण तुम्ही ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं असतं, आणि आपल्यातलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं आपल्याला दोघांनाही आवडलं नसतं.

तुम्ही पाटकरी होता. नदीवरून उपसून आणलेलं पाणी कुणाच्या उसाला कधी सोडायचं, किती वेळ सोडायचं, पुढच्याला पाळी कधी द्यायची, हे तुमच्या हातात होतं. खांद्यावर खोरं, डोक्याला मुंडासं, पायांत चिखल सुकून झालेले मोजे. आष्ट्याच्या अलीकडच्या त्या पट्ट्यात उन्हाळ्यात पाण्यावरून डोकी फुटायची. म्हणून तर त्यांनी तुम्हाला नेमलं. "त्याला शेतच न्हाई, तो पानी चोरून काय चुलीत घालनार हाय व्हय?" असं कुणीतरी बैठकीत म्हणालं होतं आणि सगळे हसले होते, हे तुम्हीच घरी येऊन सांगितलंत, आणि तुम्हीही हसलात. आई हसली नाही. शेत नसणं ही तिच्या लेखी विनोदाची गोष्ट नव्हती. गावात आपली वस्ती ओढ्यापलीकडे, घरं दहा-बारा, त्यातली निम्मी ख्रिस्ती. आमच्या शाळेतली मुलं म्हणायची 'किरिस्तावाची पोरं', आणि त्यात शिवी किती आणि ओळख किती हे मला कधी नीट कळलं नाही.

मला तुमचं पहिलं रागावणं आठवतं. शाळेतून आले होते, मैत्रिणीचं काहीतरी सांगत होते, आणि तुम्हाला ते खरं वाटेना म्हणून मी गळ्याला चिमूट लावून म्हणाले, "आईशपथ." तुम्ही खोरं घासत होता. हात थांबला. "का गं," तुम्ही म्हणाला, "तुजं साधं बोलनं कमी पडाय लागलं व्हय?" एवढंच. पुन्हा घासायला लागलात. मी रडले, कारण मला वाटलं तुम्ही मला खोटारडी म्हणालात. तुम्ही त्याच्या उलट म्हणालात हे समजायला मला बराच काळ लागला. आपल्यात शपथ वाहायची नाही, हो ते हो आणि नाही ते नाही, हे मला उपदेशातून कळण्याआधी त्या खोऱ्याच्या आवाजातून कळलं.

आणि मग देवळासमोरचा तो दिवस. मी सातवीत असेन. तो उन्हाळा वाईट होता, नदीत डबकी उरली होती, पाळी लांबत चालली होती. खालच्या अंगाच्या एका शेतकऱ्याची पाळी असताना पहाटे कुणीतरी वरून दारं मोडलं, म्हणजे बांध फोडून पाणी आपल्या सरीत वळवलं. ते पाणी तात्यांच्या उसात गेलं होतं. तात्या म्हणजे गावातलं मोठं घर, पाणी संस्थेचे अध्यक्ष, तुम्हाला कामावर ठेवणारे. शेतकरी तात्यांना म्हणे, तुमच्या थोरल्या पोरानं फोडलं, मी लांबून पाहिलं. थोरला म्हणे, मी अंथरुणात होतो. शब्दावर शब्द वाढला आणि ठरलं की बेल-भंडारा उचलायचा. देवासमोरची हळदीची पूड आणि बेलाचं पान तळहातावर घेऊन बोलायचं. त्यावर खोटं बोलणाऱ्याचं घर बसतं असं सगळं गाव मानतं. शेतकऱ्यानं उचलला आणि म्हणाला, ह्यानंच फोडलं. तात्यांच्या पोरानं उचलला, अठरा-एकोणीस वर्षांचा, मिसरूड नुकतं फुटलेलं, आणि म्हणाला, मी फोडलं न्हाई. दोन हात पिवळे, दोन बोलणी उलटी. मग कुणीतरी म्हणालं, पाटकऱ्याला इचारा की, तो पहाटं पाटावरच असतो.

तुम्ही पायरीच्या खाली उभे आहात. आपण नेहमी तिथेच उभे राहायचो. पुजाऱ्यानं भंडाऱ्याची वाटी पायरीपर्यंत आणली. तुम्ही हात पुढे केला नाही. "म्या उचलत न्हाई," तुम्ही म्हणालात. कुजबूज झाली. "भ्यालं रं," कुणीतरी म्हणालं. दुसरं म्हणालं, "आवं, त्येंचा द्येव येगळा. त्येंचं पुस्तक आना, त्येच्यावर हात ठेवू दे." आणि तुम्ही म्हणालात, "त्येच्यावरबी न्हाई. आमाला शपथच मना हाय." मग एक म्हातारा हसला. "मग तुजं खरं कसं मानायचं रं गड्या? ह्येनं उचलला, त्येनं उचलला, तू नुसतंच बोलनार?" तुम्ही म्हणालात, "व्हय. नुसतंच बोलतो. मानायचं का न्हाई ते तुमी बघा." आणि मग, कुणाकडेही न बघता, म्हणजे खरं तर तात्यांकडे बघत, "तात्या, थोरल्यानं दारं मोडलं. म्या पलीकडच्या बांधावर हुतो. हाक मारली तर पळाला."

मला लोकांची तोंडं आठवत नाहीत. मला एवढं आठवतं की कुणीही 'खोटं' म्हणालं नाही. थोरलाही नाही. आणि तात्या उठले, त्यांना वाटेल ते करता आलं असतं, पोराला मारता आलं असतं, तुम्हाला हाकलता आलं असतं. ते पोराजवळ गेले, त्याचा हात धरला, आणि धोतराच्या सोग्यानं त्याचा तळहात पुसला. हळू, लहान मुलाचं तोंड पुसतात तसा. पूड काही पूर्ण निघाली नाही. मग ते तुमच्या अंगावरून निघून गेले.

त्या संध्याकाळी आईनं भाकरी थापल्या पण तव्यावर टाकताना तिचा हात भाजला, आणि ती भाजलेल्या हातावर चिडायच्या निमित्तानं तुमच्यावर चिडली. "दिसलं न्हाई म्हनला असता तर काय जीभ झडली असती?" "दिसलं हुतं," तुम्ही म्हणालात. "मला म्हाईत हाय दिसलं हुतं! आता खोरं कुनाच्या घरी टाकायचं ते ठरवा. आन पोरगीला शाळंतनं काढा." तुम्ही पाण्याचा तांब्या तिच्या हातावर धरलात. ती हात मागे घेईना, तुमच्याकडे बघेना, पाणी गळून चुलीपुढची राख भिजत राहिली. ती तुमच्यावर चिडलेली मी पुष्कळदा पाहिली आहे, पण त्या रात्री जेवताना तिनं तुम्हाला जास्तीची भाकरी वाढली आणि तुम्ही न बोलता खाल्लीत, तेव्हा मला प्रथम वाटलं की हे दोघं एकाच बाजूला आहेत.

तुम्हाला कुणी काढलं नाही. तात्या मात्र पुढचं वर्षभर तुमच्याशी बोलले नाहीत. निरोप दुसऱ्याकडून यायचा. थोरला पुढच्याच भरतीला गेला आणि फौजेत लागला. आणि गावात एक सवय पडली. कोंबडी कुणाची, बांध कुणी कोरला, शेळी कुणाच्या रानात शिरली, काही झालं की म्हणायचं, पाटकऱ्याला इचारा. तुम्हाला पुष्कळदा काही माहीत नसायचं. मग तुम्ही "मला ठावं न्हाई" म्हणायचात, आणि लोक तेही मानायचे. त्या वेळचे आपले पाळक सांगलीहून सायकलीवर यायचे. ते तुम्हाला एकदा जरा नाराजीनं म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं गावात फिरता, प्रभूचं नाव कुणाला सांगितलंत का?" तुम्ही विचार केलात. "न्हाई बा," म्हणालात, "म्या पानी सोडतो." पाळकांनी कपाळाला हात लावला. पण त्याच आठवड्यात मला विहिरीवर एका बाईनं विचारलं होतं, "काय गं, तुमच्यात खोटं बोलल्यालं चालत न्हाई व्हय?" मी म्हणाले, "चालत नाही. पण बोलतात." ती खूप हसली. मग म्हणाली, "तुजा बाप न्हाई बोलत." हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. आत्ता सांगते.

पुढचं मला अगदी स्वच्छ आठवतं, कारण तेव्हा मी कॉलेजात होते आणि सुट्टीला आले होते. ह्या स्वच्छ आठवणीवरच सगळं येऊन थांबलं. तुम्ही पाटावर होता, मी तात्यांच्या रानाच्या कडेला, रस्त्यालगतच्या चिंचेखाली पुस्तक घेऊन बसले होते. तात्या आले. तोवर त्यांचं तुमच्याशी बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, थोडं थोडं, पाण्यापुरतं. त्या दिवशी ते बांधावर टेकले आणि म्हणाले, "पाटकऱ्या, तुमी प्रार्थनेला कुठं जमता रं?" "माझ्या घरात." "आन पावसाळ्यात? तुजं घर तर गळतंय." "गळतंय तिथनं सरकून बसतो." तात्या हसले. मग काठीनं चिंचेखालची जमीन टोकरत म्हणाले, "हितं घाला की छप्पर. पडीकच हाय. वापरा." तुम्ही खोरं खांद्यावरून खाली घेतलंत. ते म्हणाले, "तू हायस तवर कोन उठवतंय तुमास्नी?" आणि तुम्ही विचारलंत, "आन मी गेल्यावर?" दुसरा कुणी असता तर हात जोडून गप्प बसला असता. तात्या पुन्हा हसले. "तू गेल्यावर माजी पोरं बघत्याली. त्येंची जागा, त्येंचा इचार."

म्हणजे त्यांनी जागा दिली नाही, दादा. वापरायला दिली. आणि हे तुम्ही कधी विसरला नाहीत. छप्पर घातलं, पत्रे आले, भिंतीला चुना लागला, नाताळात कागदी तारा लागला, तरी दर वर्षी चिंचा पिकल्या की तुम्ही मुंडासं सोडून तात्यांच्या सोप्यात जायचात आणि विचारायचात, "तात्या, चिंचा घिऊ का?" तात्या वैतागायचे. "आरं दर साली काय इचारतूस? घे की!" आणि पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा विचारायचात. मग त्या चिंचा फोडून, मीठ लावून, गोळे करून, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून तुम्ही एसटीनं साताऱ्याला माझ्याकडे घेऊन यायचात. माझ्या शेजारणी म्हणायच्या, तुमच्या वडिलांच्या रानातली का? मी हो म्हणायच्या आत तुम्ही आतून म्हणायचात, "तात्यांच्या."

तुम्ही गेलात. तात्या मातीला आले, आपल्या दफनभूमीत, ओढ्याच्या काठाला, मूठभर माती टाकली. नंतर तेही गेले. कुणी कुणाला उठवलं नाही. छप्पर राहिलं. माणसं बदलली आणि हळूहळू सगळ्यांना वाटायला लागलं की तात्यांनी ती जागा देवाला दिली. ते मुद्दाम कुणी बोललेलं खोटं नव्हतं. ते प्रार्थनेत आभार मानता मानता तसं झालं. आभार मानताना माणूस 'वापरायला दिली' असं म्हणत नाही, 'दिली' असं म्हणतो.

गेल्या वर्षी रस्ता रुंद झाला. चिंचेपाशी आता गाड्या थांबतात. तात्यांच्या नातवांना तिथे दुकानांचे गाळे काढायचे आहेत. ते मोजायला आले तेव्हा आपली पोरं आडवी झाली. ही पोरं आता कुपवाडच्या कारखान्यांत जातात, मोटरसायकली आहेत, पायरीखाली उभी राहणारी नाहीत, आणि ते बरंच आहे. शब्दावर शब्द वाढला. एक दगड पत्र्यावर पडला. तेव्हा थोरला मध्ये पडला. तो आता सुभेदार म्हणून रिटायर होऊन गावात असतो, केस पांढरे, पाठ अजून ताठ. तो म्हणाला, "भांडन न्हाई पायजे. तात्या जागा देताना म्या नव्हतो, फौजेत हुतो. तिथं तिघंच हुती. दोघं गेली. पाटकऱ्याची पोरगी हाय साताऱ्याला. तिला बोलवा. ती म्हनंल ते मी मानतो. तुमी मानता का?" आपली माणसं आनंदानं हो म्हणाली. का नाही म्हणतील? बाई तर आपलीच.

मला फोन आला तो पाळकांचा. तरुण आहेत, आठवडाभर कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात, रविवारी चार गावं करतात. चांगला माणूस आहे. त्यांनी सगळं सांगितलं. मी म्हणाले, "तात्या 'तू हायस तवर' म्हणाले होते." मग ते म्हणाले, "बाई, खोटं बोला असं मी म्हणणार नाही. पण इतक्या वर्षांचं... एखादं वाक्य माणूस विसरतो. तेवढं आठवत नाही म्हटलं तर?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "इथे म्हाताऱ्या आहेत," ते म्हणाले, "त्यांना दुसरीकडे चालवत नाही. हे छप्पर गेलं तर मंडळी फुटेल. मी कुणासाठी सांगतोय हे तुम्हाला कळतं ना?" कळत होतं. ते स्वतःसाठी काहीच मागत नव्हते. मला त्या रात्री वाटलं की विसरण्याला खोटं म्हणता येत नाही, आणि लगेच वाटलं की हे वाक्य मी फार चांगलं रचलं आहे.

मी गेले. सातारा, कराड, इस्लामपूर, तोच रस्ता, फक्त आता झाडं नाहीत. चिंचेखाली दोन्हीकडची माणसं होती. आपल्या बाजूला वस्तीतली मावशी, आईची मैत्रीण, खुर्चीवर बसवून आणलेली, नजर गेलेली. तिनं माझा हात चाचपला. "आलीस? लय बरं झालं. सांग बाई काय ते. तुजा बाप असता तर..." आणि मग स्वतःच थांबली, आणि हळूच म्हणाली, "तुजा बाप असता तर त्येनं वाट लावली असती आमची." तिला माहीत होतं, दादा. तिनं माझा हात सोडला नाही.

सुभेदारांच्या मुलाला बापाचा हा न्याय मान्य नव्हता. तो मोटरसायकलला टेकून मोठ्यानं म्हणाला, "ती त्येंचीच बाई. ती काय आपल्या बाजूनं बोलनार हाय व्हय? निदान बेल-भंडारा तरी उचलायला लावा." सुभेदार मागे न वळता म्हणाले, "त्येंच्यात उचलत न्हाईत. तू गप बस." मग माझ्याकडे वळले. कधी काळी तुम्ही ज्याच्याविरुद्ध बोललात तो हा माणूस, आणि त्यानं खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. "बाई," ते म्हणाले, "नुसतं सांगा."

मी नुसतं सांगितलं. पुस्तक वाचत होते हे सांगितलं, काठीनं जमीन टोकरली हे सांगितलं. 'वापरा' म्हणाले. 'तू हायस तवर' म्हणाले. वडिलांनी विचारलं, मी गेल्यावर? तेव्हा म्हणाले, माझी पोरं बघतील, त्यांची जागा, त्यांचा विचार. मी हे सांगत असताना आपल्या बाजूची एक बाई मधेच म्हणाली, "आवं पर...", आणि कुणीतरी तिला गप्प केलं. माझं संपलं. चिंचेवर एक पोपट आवाज करत होता. सुभेदार खाली बघत होते, स्वतःच्या उजव्या हाताकडे. "तात्यानं माजा हात पुसला तवा," ते अगदी हळू म्हणाले, म्हणजे फक्त मला ऐकू येईल असं, "मारलं असतं तर बरं झालं असतं. पर तुमच्या बापाचा राग न्हाई आला कवा. फौजेत कुनी इचारलं, खरा मानूस बगितलास का, तर मी एकच सांगायचो." मग मान वर करून सगळ्यांना म्हणाले, "ऐकलं न्हवं? बास. नाताळ होऊ द्या त्येंचा. मग गाळ्यांचं बघू." मुलगा माझ्याकडे असा बघत होता, जसं मी काहीतरी फसवणूक केली आहे आणि ती कुठे आहे ते त्याला सापडत नाही.

नाताळनंतर पत्रे आपल्याच पोरांनी उतरवले, जपून, वाकू न देता. आता प्रार्थना मावशीच्या अंगणात होते. दोन घरं यायची बंद झाली आहेत. पत्र्यावर दगड पडला त्या दिवशी ज्यांच्या पोरानं मार खाल्ला होता त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं आहे, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. त्यांना माझ्याकडून छप्पर हवं होतं आणि मी त्यांना तुमची आठवण दिली. आठवणीखाली पाऊस थांबत नाही. पाळक माझ्याशी बोलतात. पहिल्या रविवारी प्रार्थना संपल्यावर सतरंजी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "बाई, मी तुम्हाला काही विसरायला सांगितलं होतं. आता एवढं विसरा." आम्ही दोघंही हसलो, पण त्यांचे डोळे भरले होते.

एक गोष्ट झाली ती सांगते, तिचा अर्थ मी लावत नाही. गेल्या महिन्यात मी गेले होते तेव्हा उपासना चालू असताना सुभेदार आले. फाटकाशी चप्पल काढली, मागे कट्ट्यावर बसले, टोपी मांडीवर. गाणं झालं, वचन झालं, ते बसून होते. बाहेरून जाणाऱ्या कुणीतरी ओरडून विचारलं, "काय सुभेदार, किरिस्ताव झाला का काय?" ते म्हणाले, "न्हाई रं. बसाय आलोय." आणि बसले. मावशीनं विचारलं कोण आलंय, मी सांगितलं. ती म्हणाली, "बसू दे. तुज्या बापाच्या वळखीचा हाय." निघताना त्यांनी मला पिशवी दिली. फोडून, मीठ लावून, गोळे केलेल्या चिंचा. "घरातल्यांनी केल्यात," ते म्हणाले. "गाळे थोडं सरकवून बांधतोय. झाड राहतंय." मग जरा घुटमळले. "तुमी इचारायला आला न्हाईसा ह्या साली. पाटकरी यायचा."

ती पिशवी समोर आहे. हे लिहून झालं की मी ती स्वयंपाकघरात नेऊन ठेवीन, आणि हा कागद फाडीन, किंवा ठेवीन, पण कुठे पाठवणार नाही. तुमच्या कबरीवर नेऊन ठेवावा असं वाटलं होतं. पण तुम्ही तो वाचून घ्यायला कुणाला तरी बोलावलं असतं, आणि हे शेवटचं दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुमच्यापर्यंत जावं असं मला वाटत नाही. लोक म्हणतात, बाई बापावर गेली. सुभेदारही तसंच समजतात. त्या दिवशी चिंचेखाली माझं बोलून झालं आणि ते खाली मान घालून उभे होते, तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, दादा. मी वाट बघत होते. मला वाटत होतं, इतकं खरं ऐकल्यावर हा माणूस आता म्हणेल, राहू द्या, जागा तुमचीच. मी अगदी शेवटपर्यंत वाट बघत होते. तुम्ही देवळासमोर बोललात तेव्हा पायरीखाली उभे होता, आणि मला पक्कं आठवतं, तुम्ही कशाचीच वाट बघत नव्हता.